बर्जेसच्या वर्तुळात खडकी कुठे बसते?

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना ही आकृती तुम्ही काढलीच असेल. एकात एक अशी पाच वर्तुळं. मधोमध व्यापारी केंद्र, त्याभोवती संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या स्थितीतल्या लोकांची घरं आणि शेवटी रोज शहरात ये-जा करणाऱ्यांचा पट्टा. खाली लिहायचं: ई. डब्ल्यू. बर्जेस, १९२५, शिकागो. पट्ट्यांची नावं बरोबर दिली की गुण मिळतात. मलाही मिळाले होते.

घोटाळा पुढे होतो. परीक्षा सुटते, पण आकृती सुटत नाही. संशोधन सुरू झालं की आपण तीच आकृती काढतो, आपल्या शहरावर ठेवतो आणि कुठला भाग कुठल्या पट्ट्यात पडतो ते बघत बसतो. मी नेमकं हेच केलं आणि त्यात आठ महिने घालवले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

माझा विषय खडकीतलं स्थलांतर. पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात मी लक्ष्मी रस्ता हे केंद्र धरलं, पुण्यावर वर्तुळं काढली आणि खडकी बाजारावर लिहिलं 'संक्रमण पट्टा'. कारणं हाताशी होती: जुनी घरं, खाली दुकान वर बिऱ्हाड, दाटी, बाहेरून आलेली माणसं. मार्गदर्शकांनी नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "संक्रमण कशातून कशात?" मला काही सांगता आलं नाही. बाजारातली कितीतरी घरं तीन पिढ्यांपासून आहेत तशीच आहेत. मग तिथे संक्रमण चाललंय हे मी कशावरून म्हटलं? चित्रावरून. जागेवरून नाही.

आधी बर्जेस नीट वाचू

टीका करायची तर मूळ लेखावर करावी, गाईडमधल्या अर्ध्या पानावर नाही. बर्जेसचा लेख 'द सिटी' या १९२५ च्या पुस्तकात आहे. त्याच्या नावाचा मराठी अर्थ साधारण असा: शहराची वाढ, एका संशोधन प्रकल्पाची ओळख. आपल्या नोट्समध्ये नावाचा पहिला भाग टिकतो, दुसरा गळतो. खरं तर दुसराच महत्त्वाचा आहे. हा माणूस सिद्धांत सांगून मोकळा होत नव्हता, पुढच्या कामासाठी एक कल्पना मांडत होता. कुठलंच शहर या रचनेत तंतोतंत बसणार नाही, शिकागोसुद्धा नाही, हेही त्याने तिथेच सांगून ठेवलंय. शिकागोच्या एका बाजूला तलाव आहे, त्यामुळे प्रत्यक्षात तिथे वर्तुळं अर्धीच पडतात!

आता त्याच्यासमोरचं शहर बघा. १८९० मध्ये शिकागोची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती, १९२० मध्ये ती सुमारे २७ लाख झाली. युरोपातून माणसं येत होती, अमेरिकेच्या दक्षिणेकडून कृष्णवर्णीय कुटुंबं येत होती. जमीन खाजगी मालकीची, खुली विकली जाणारी. कुठे काय बांधायचं याचे विभागवार नियम शहराने केले तेच १९२३ मध्ये, म्हणजे वर्तुळं बहुतेक तयार झाल्यावर.

अशा शहरात गोष्टी एका क्रमाने घडतात. व्यापारी केंद्र पसरायला लागतं. शेजारच्या घरमालकाला वाटतं, आज ना उद्या ही जागा दुकानाला किंवा कारखान्याला चढ्या भावाने जाईल, मग घर कशाला दुरुस्त करा? तोवर खोल्या पाडून स्वस्तात भाड्याने द्यायच्या. नवखा माणूस तिथे उतरतो. हातात पैसा आला की बाहेरच्या पट्ट्यात सरकतो आणि त्याच्या जागी पुढचा नवखा येतो. पुस्तकी भाषेत याला आक्रमण आणि अनुक्रमण म्हणतात. वर्तुळं म्हणजे या यंत्रणेचा परिणाम. यंत्रणा तपासायची सोडून आपण परिणामाचं चित्र पाठ करतो, ही माझी पहिली तक्रार. आणि ती बर्जेसपेक्षा आपल्यावर जास्त आहे.

ही यंत्रणा चालायला तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. एक, जमीन विकत मिळते आणि तिचा वापर भाव ठरवतो. दोन, येणारा माणूस स्वस्त भाडं बघून जागा निवडतो. तीन, बाहेर सरकणं म्हणजे वर चढणं. आता खडकीत या.

जमीन बाजारातच नसेल तर?

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, पेशवाईचा शेवट जवळ आला आणि नंतर इंग्रजांनी इथे छावणी वसवली. जुन्या पुण्याच्या पेठा वेगळ्या, मुळा नदीकाठची ही लष्करी वस्ती वेगळी. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना आला. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र इथलंच. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी उभी राहिली. यातली एकही गोष्ट लक्ष्मी रस्त्यापासून किती अंतर आणि तिथे जमिनीचा भाव काय, हे बघून ठरलेली नाही. सरकारला सैन्य आणि दारूगोळा कुठे ठेवायचा होता, त्यावर ठरलं.

आणि ते ठरलेलं टिकलं. माझ्या नकाशात साधारण एकाच वलयात कोथरूड, बिबवेवाडी, येरवडा आणि खडकी येत होते. कोथरूडच्या शेतांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, कारण तिथे शेतकऱ्याला जमीन विकता येत होती आणि बिल्डरला ती घेता येत होती. खडकीत तसा व्यवहार करायला जमीन मोकळीच नव्हती. जुना पुणे-मुंबई रस्ता इकडे वाकडेवाडीपर्यंत आणि तिकडे दापोडीच्या पुढे रुंद झाला, खडकीत मात्र संरक्षण खात्याच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडला. रोज त्या कोंडीत बसणाऱ्याला नगररचनेचा हा धडा फुकट मिळतो.

मग छावणीची रचना वाचायची कशी? त्यासाठी एक कागद आहे: जनरल लँड रजिस्टर. १९३७ च्या छावणी जमीन प्रशासन नियमांनुसार छावणीतल्या जमिनीचे वर्ग पाडलेत. ए-१ म्हणजे प्रत्यक्ष लष्करी वापरातली. ए-२ म्हणजे आज तशा वापरात नसलेली, पण लष्करासाठी राखलेली. बी वर्गात केंद्र सरकारची इतर खाती, राज्य सरकार आणि खाजगी धारक येतात. यातला बी-३ लक्षात ठेवा: जागा खाजगी माणसाच्या ताब्यात, पण अटींवर, आणि जमिनीवरचा मूळ हक्क केंद्र सरकारकडे. सी म्हणजे छावणी मंडळाकडे सोपवलेली.

आठ महिन्यांनी मला कळलं ते एवढंच. खडकीचा नकाशा काढायचा तर कंपास नको, हे वर्ग हवेत. बाजारातलं जुनं घर जुनंच का राहिलं? मालक चढ्या भावाची वाट बघतोय म्हणून, असं बर्जेस सांगेल. इथे बहुतेकदा उत्तर येतं, मजला चढवायची परवानगी नाही, जमीन आपली नाही, कर्जाला कागद चालत नाही. भिंतीला तडा तसाच दिसतो, पण कारण अगदी उलट. तिकडे बाजारभावाच्या आशेने घर मोडकळीला येतं, इकडे बाजारच नाही म्हणून.

माणसं आली कशी?

दुसरं गृहीतक माझ्या घरातच मोडतं. माझे आजोबा माण तालुक्यातले. १९६२ च्या युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढवायला घेतलं, तेव्हा फॅक्टरीत भरती निघाल्याचं त्यांच्या चुलत्याने कळवलं. आजोबा १९६३ मध्ये गाडीतून थेट खडकी स्टेशनवर उतरले. त्यांनी पुण्यात स्वस्त खोली शोधली नाही की मंडईजवळ दिवस काढले नाहीत. चुलत्याकडे राहिले आणि काही वर्षांनी क्वार्टर मिळालं. म्हणजे जागा ठरवली ती भरतीने आणि नात्याने. भाड्याचा विचार नंतरचा.

एका कुटुंबावरून सिद्धांत मोडत नाही, हे तुम्ही म्हणाल आणि बरोबर म्हणाल. पण खडकी बाजारात एक चक्कर मारा. मराठीबरोबर तमिळ, तेलुगू कानावर पडेल. छावणी आली की पलटणीबरोबर पुरवठादार, कारागीर, नोकर, शिंपी, धोबी येतात, आणि पलटण हलली तरी त्यातले काही मागे राहतात. रेव्हनस्टाइनने १८८५ मध्ये इंग्लंडच्या जनगणनेवरून सांगितलं की बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचं असतं. खडकीत जवळची माणसं आहेतच, पण हजार किलोमीटरवरून आलेल्यांच्याही पिढ्या आहेत. पलटणीच्या हालचालीचा माग काढल्याशिवाय ही अंतरं उलगडत नाहीत.

इथे एक वेगळा मुद्दा येतो, जातीचा. बर्जेसच्या नकाशात वंश आणि देश यांच्यावरून वस्त्या आहेत, जात अर्थातच नाही. पुण्याच्या पेठांमध्ये घर कुठे मिळणार हे जातीवर ठरत होतं. ज्याला पेठेत भाडं परवडलं असतं पण घर मिळालं नसतं, त्याच्यासाठी फॅक्टरीची नोकरी आणि क्वार्टर म्हणजे काय असेल? क्वार्टर हुद्द्यावर मिळतं, आडनावावर नाही, निदान कागदावर तरी. खडकीच्या जोडीला देहूरोडही आठवा. तीही छावणी आणि लष्करी डेपोची वस्ती. २५ डिसेंबर १९५४ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दीक्षेच्या जवळपास दोन वर्षं आधी हा कार्यक्रम पुण्याच्या पेठेत न होता डेपोच्या वस्तीत झाला. तिथे कोण राहत होतं, हा शहराच्या रचनेचाच प्रश्न आहे. भाड्याच्या आलेखात त्याचं उत्तर नाही.

जनगणनेला काय दिसतं?

तुमच्यातले बरेच जण जनगणनेच्या डी मालिकेतले स्थलांतराचे तक्ते वापरणार, म्हणून थोडं थांबते. आपल्या जनगणनेत मागच्या राहत्या ठिकाणाचा प्रश्न १९७१ मध्ये आला आणि स्थलांतराचं कारण १९८१ मध्ये. कारणांची यादी ठरलेली: काम, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर वगैरे.

माझी आजी या यादीत 'लग्न' या खान्यात पडते. खोटं नाही, लग्न होऊनच ती खडकीत आली. पण पंचवीस वर्षं ती फॅक्टरीतल्या एकट्या कामगारांचे डबे करत होती. पाळीप्रमाणे डबे: सकाळचा, दुपारचा, रात्रीचा. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत तिच्या चाळीस भाकऱ्या झालेल्या असत. तक्त्यात ती कामासाठी आलेली नाही. उलट सॅपर्सच्या केंद्रात प्रशिक्षणाला आलेला जवान मागच्या ठिकाणाच्या हिशेबाने स्थलांतरित ठरतो, आणि वर्षा-दोन वर्षांत निघून जातो. छावणीचे आकडे असे दोन्हीकडून फसवतात. बराकींमुळे पुरुषांचं प्रमाण फुगतं, आणि बाजारातल्या बायकांचं काम लग्नाच्या खान्यात झाकलं जातं. आकडे टाकून द्या असं मी म्हणत नाही. खाना कोणी आखला आणि का, हे आधी विचारा एवढंच.

बाहेर सरकणं म्हणजे वर चढणं?

तिसरं गृहीतक मला सगळ्यात उशिरा दिसलं, आणि तेच माझ्या प्रबंधाचं मूळ झालं. मी पाच वर्षांची असताना आम्ही खडकीतून पिंपळे गुरवला गेलो. नकाशावर हे बर्जेससारखंच दिसतं: केंद्रापासून लांब, छावणीतून महापालिकेच्या हद्दीत, क्वार्टरमधून स्वतःच्या घरात. प्रगतीच की!

घरात मात्र याला 'क्वार्टर सुटलं' म्हणतात. आजोबा निवृत्त झाले, ठरलेल्या मुदतीत घर रिकामं करायचं होतं. फंडाच्या पैशात जमेल तेवढं, जमेल तिथे बांधलं. आजीचे डबे बंद झाले, कारण गिऱ्हाईक नदीच्या त्या बाजूला राहिलं. दापोडी, पिंपळे गुरव, सांगवी या भागात मी मुलाखती घेतल्या तेव्हा हीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली: भरतीने आणलं, निवृत्तीने हलवलं. घर बदलण्याची तारीख भाडेवाढीने ठरली नाही, पगारवाढीने नाही, सेवानियमाने ठरली.

माझा दावा मर्यादित आहे. छावणीलगतच्या उपनगरांची वाढ समजायची तर जमिनीच्या भावाइतकंच निवृत्तीच्या नियमांकडे बघावं लागेल. सगळ्या पुण्याला हे लागू नाही. हिंजवडीला तर नाहीच.

मग हॉइट आणि हॅरिस-उलमन?

परीक्षेत पुढचा प्रश्न हाच असतो, म्हणून थोडक्यात. हॉइटने १९३९ मध्ये वृत्तखंड मांडले: वाढ वाहतुकीच्या मार्गाने पाचरीसारखी पसरते. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड ही रेल्वे आणि महामार्गाला धरून गेलेली औद्योगिक पाचर बघितली की तो एकदम पटतो. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. चित्र जुळतं. पण पाचरीचं टोक खडकीतच का, हे चित्र सांगत नाही. आणि एक लक्षात ठेवा, हॉइटने हे काम अमेरिकेच्या सरकारी गृहकर्ज-विमा खात्यासाठी केलं होतं. कुठल्या वस्तीत कर्जाचा पैसा सुरक्षित, या प्रश्नातून ते आलंय.

हॅरिस आणि उलमन यांचा १९४५ चा बहुकेंद्र सिद्धांत पुण्याला सगळ्यात जवळचा, असं बहुतेक नोट्समध्ये असतं. ठीक आहे. पेठा, कॅम्प, खडकी, पिंपरी, हिंजवडी अशी केंद्रं मोजता येतात. पण वेगळी केंद्रं का होतात याची त्यांनी दिलेली कारणं बघा: काही कामांना खास सोयी लागतात, काही कामं एकत्र राहून फायद्यात असतात, काही एकमेकांना त्रासदायक असतात, काहींना महाग जागा परवडत नाही. सरकारने जमीन ताब्यात ठेवून केंद्र वसवलं, हे कारण यादीत नाही. खडकीचं पहिलं कारण नेमकं तेच.

ही उणीव भरून काढणारं काम झालेलं आहे. अँथनी किंगचं १९७६ चं वसाहतकालीन शहरांवरचं पुस्तक छावणीकडे सत्तेची रचना म्हणून बघतं. मीरा कोसंबी यांनी १९८० मध्ये मुंबई आणि पुण्याचा १६५० ते १९०० असा अभ्यास मांडला, म्हणजे लष्करी पुणं त्यात इतिहासासकट येतं. तुम्ही पुण्यावर काम करणार असाल तर बर्जेसच्या आधी कोसंबी वाचा. दोघांबद्दल माझं एक म्हणणं आहे. किंगचा भर वसाहतकाळावर, कोसंबींच्या या अभ्यासाचा काळ १९०० ला संपतो. छावणी मात्र १९४७ ला संपली नाही. १९२४ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि त्याच्या जागी नवा आला तो थेट २००६ मध्ये. मधला काळ, माझ्या आजोबांचा काळ, अजून बराचसा मोकळा आहे. विषय शोधताय ना? इथे आहे.

एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला?

'संक्रमण पट्टा' या शब्दात जीर्ण, तात्पुरतं, उद्या जाणारं असा अर्थ भरलेला आहे. संशोधनात तो लिहिला की पुढे कोणीतरी अहवालात लिहितो, आणि तिथून 'पुनर्विकास' हा शब्द फार लांब नसतो. आज हे खडकीला लागू आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या आणि खडकीचे कारखाने म्युनिशन्स इंडियाकडे गेले. २०२३ मध्ये हिमाचलमधल्या योल छावणीपासून नागरी भाग छावण्यांतून वेगळे करायला सुरुवात झाली. खडकीचा बाजारही महापालिकेत जाण्याची चर्चा तेव्हापासून आहे.

तसं झालं तर कोण राहील आणि कोण जाईल? वर्तुळ सांगेल, केंद्राच्या जवळचे गरीब जातील. रजिस्टर वेगळं सांगेल: बी-३ धारकाचं वेगळं होईल, सी जमिनीवरच्या गाळेवाल्याचं वेगळं, आणि माझ्या आत्यासारख्या पोटभाडेकरूचं, जिचं नाव कुठल्याच रकान्यात नाही, त्याहून वेगळं. तिला आपण 'संक्रमणातली' म्हणून ठेवलं, तर तिच्या जाण्याला आपण आधीच मान्यता दिल्यासारखं होतं.

तुम्ही काय कराल?

परीक्षेत वर्तुळं काढा, गुण सोडू नका. खाली दोन ओळी वाढवा: जमीन विकाऊ असणं, भाडं बघून जागेची निवड आणि बाहेर सरकणं म्हणजे प्रगती, ही या सिद्धांताची गृहीतकं आहेत. एवढ्याने उत्तर उठून दिसेल.

संशोधनात मात्र क्रम उलटा ठेवा. आपल्या भागात जा आणि नकाशा काढण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. इथली जमीन कोणाची आहे आणि कुठल्या कागदावर? माणसाला इथे कोणी आणलं: भरतीने, मुकादमाने, नातेवाइकाने की भाड्याने? आणि इथून निघायची तारीख कोण ठरवतं? खडकीत उत्तरं छावणीतून आली. इचलकरंजीत कदाचित यंत्रमागातून येतील, नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यातून, कोराडीला वीज केंद्रातून. उत्तरं हातात आल्यावर बर्जेस पुन्हा उघडा. तेव्हा तो पाठ करावा लागत नाही, त्याच्याशी भांडता येतं.

माझा नकाशा आता नवा आहे. खडकी बाजारावर कुठलंच लेबल नाही, फक्त वर्गांचे रंग आहेत आणि पिंपळे गुरवकडे जाणारे बाण. मार्गदर्शकांनी तो पाहिला आणि विचारलं, "हे बाण किती साली सुरू होतात?" यावेळी उत्तर होतं माझ्याकडे.